बॉयलर, एनर्जी ऑडिटर की चार्टर्ड इंजिनिअर? कामाला साजेशी परीक्षा कोणती?

कोरपन्याचा_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलचा, नागपूर विद्यापीठाचा बी.ई. कोरपना तालुक्यातल्या एका सिमेंट कारखान्याच्या कॅप्टिव्ह (कारखान्याच्या स्वतःच्या विजेसाठीच्या) पॉवर प्लांटमध्ये शिफ्ट इंजिनिअर आहे. चौथं वर्ष सुरू आहे. गाव जवळच आहे. घरी कापूस-तूर आहे आणि बाबांना आता एकट्याने होत नाही, म्हणून पुण्या-मुंबईकडे जायचा विचार नाही. जे करायचं ते इथेच राहून.

पण नुसत्या डिग्रीवर पुढे सरकत नाही, हे आता दिसायला लागलंय. हातात कायद्याने मान्य असं एखादं प्रमाणपत्र पाहिजे. आमचे मॅनेजर म्हणतात बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची, म्हणजे बीओईची परीक्षा दे. नागपूरचा मित्र म्हणतो एनर्जी ऑडिटर हो, उद्या स्वतःचं काम सुरू करता येईल. चुलतभाऊ म्हणतो चार्टर्ड इंजिनिअर घे, त्याला परीक्षाच नाही. शेजारच्या क्वार्टरमधले सेफ्टीचा डिप्लोमा सुचवतात.

माझं रोजचं काम असं: कोळशावरचा बॉयलर, टर्बाइन, आणि क्लिंकर (भट्टीत भाजून निघणारे सिमेंटचे खडे) थंड करणाऱ्या कूलरच्या गरम हवेवर चालणारा वेस्ट हीटचा छोटा बॉयलर. महिन्याच्या शेवटी एनर्जीचा रिपोर्ट भरायलाही मलाच बसवतात.

शिफ्ट ड्युटी सांभाळून या वर्षी एकाच परीक्षेचा अभ्यास होऊ शकेल. सोपी कोणती असं विचारत नाहीये. माझ्या कामाला लागू कोणती पडेल, ते सांगा.

वणीवाला_भाऊ

भाऊ, एनर्जी ऑडिटरच घे. माया साळा तेच करून रायला. महिन्यातून पंधरा दिवस बाहेर असते, पण मान हाय. बॉयलरवाल्याले कोणी विचारत नाई, रात्रंदिवस धुरात उभं रा.

ऊर्जानगर_निवृत्त

वणीवाले भाऊ, साळ्याला विचारा, तो ज्या कारखान्यात ऑडिटला जातो तिथला बॉयलर कोणाच्या नावावर चालतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा गोंधळ मी नोकरीभर पाहिला आहे.

आपल्याकडे वास्तुविशारदांसाठी 1972 चा एकच कायदा आहे. त्या नोंदणीशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. इंजिनिअरांसाठी देशभर लागू असा एक कायदा नाही. त्याऐवजी तुकडे आहेत: बाष्पकांचा, म्हणजे बॉयलरचा, कायदा वेगळा, विजेचे सुरक्षा विनियम वेगळे, खाणींचे वेगळे, ऊर्जा संवर्धनाचा वेगळा, गावात-शहरात घर बांधायचं तर बांधकाम नियमावली वेगळी. प्रत्येक कायदा म्हणतो, या कामावर आम्ही सांगू तसा माणूस पाहिजे. म्हणून आधी आपण कोणत्या कायद्याच्या कक्षेत उभे आहोत ते पाहायचं. डिग्रीवर 'मेकॅनिकल' लिहिलंय, एवढ्यावरून काही ठरत नाही.

तुझ्यापुरतं सांगतो. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर्स नियम 2011 चे आहेत. एका बॉयलरचं, किंवा जोडून चालणाऱ्या बॉयलरांचं एकत्रित तापन पृष्ठ 1000 चौरस मीटरच्या वर गेलं, की तो बॉयलर प्रमाणपत्रधारक बीओईच्या ताब्यातच चालवावा लागतो. तापन पृष्ठ म्हणजे एका बाजूला गरम वायू आणि दुसऱ्या बाजूला पाणी असलेला नळ्यांचा नि भिंतींचा सगळा पत्रा. तासाला साठ-सत्तर टन वाफ देणारा बॉयलर हा आकडा सहज ओलांडतो. म्हणजे तुझ्या प्लांटमध्ये बीओई नसेल तर बॉयलर बंद. मालक कितीही मोठा असो, निरीक्षक पहिल्यांदा हेच विचारणार.

1923 चा कायदा जाऊन आता 2025 चा बाष्पके अधिनियम आला आहे, तरी मूळ रचना तीच आहे.

आता माझा प्रश्न. गेल्या पंधरवड्यात तू प्रत्यक्ष काय केलंस ते शिफ्टच्या लॉगबुकमधून काढून इथे लिही. नेमणूकपत्रावरचं पद मला नको, हाताने केलेलं काम सांग. तुझ्या कोणत्या निर्णयावाचून प्लांट थांबला असता?

कोरपन्याचा_मेकॅनिकल

काका, लॉगबुक चाळलं. इकॉनॉमायझरची (बॉयलरला जाणारं पाणी आधी तापवणाऱ्या भागाची) ट्यूब लीक झाली, बॉयलर थंड करून प्लगिंग केलं, म्हणजे ती नळी बुजवली. फीड पंप बदलताना ड्रम लेव्हल, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी, खाली आली, ट्रिप (बॉयलर आपोआप बंद पडणं) वाचवला. कोळसा ओला येतोय, त्यामुळे बेड टेंपरेचर (भट्टीतल्या जळत्या थराचं तापमान) सांभाळण्यात दोन रात्री गेल्या. वार्षिक तपासणी जवळ आली आहे, तिची तयारी म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह, वॉटर गेज (पाण्याची पातळी दाखवणारी काच), हायड्रॉलिक टेस्टचा पंप. एनर्जी रिपोर्ट एकदाच, अर्ध्या दिवसाचं काम. टर्बाइनकडे फारसा गेलो नाही.

आणि आमच्याकडे बीओई दोघं आहेत. त्यातले एक साहेब पुढच्या वर्षी रिटायर होतात.

बुटीबोरीची_ताई

मी प्रमाणित एनर्जी ऑडिटर आहे, कापड आणि कागद गिरण्यांची ऑडिट करते. माझ्या कामाबद्दल दोन्ही बाजू सांगते, म्हणजे कोणी फक्त 'मान आहे' म्हणून या वाटेला येणार नाही.

ही परीक्षा ऊर्जा दक्षता ब्युरो घेतं, आधार 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा. चार पेपर असतात. पहिला सर्वसाधारण, दुसरा औष्णिक, तिसरा विद्युत. हे तीन दिले की एनर्जी मॅनेजर. चौथा पेपर ऑडिटरसाठी, तो पुस्तक उघडून सोडवायचा असतो, आणि म्हणूनच तिथे बरेच जण घसरतात, कारण पुस्तकात उत्तर नसतं, गणित तुम्हालाच मांडावं लागतं. प्रत्येक पेपरला किमान 50 टक्के पाहिजेत. इंजिनिअरिंग पदवीधराला 3 वर्षांचा अनुभव लागतो. डिप्लोमावाल्यांनाही एनर्जी मॅनेजर होता येतं, पण अनुभव जास्त लागतो.

मागणी कुठून येते? ज्या उद्योगाचा वापर ठरावीक मर्यादेच्या वर आहे त्याला 'निर्दिष्ट ग्राहक' म्हणतात. सिमेंट, कागद, औष्णिक वीज, कापड, प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते. अशा कारखान्याला एनर्जी मॅनेजर नेमावाच लागतो आणि ऑडिटही करून घ्यावं लागतं. म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातले सिमेंटवाले, बल्लारपूरचा कागद, कोराडी-खापरखेड्याची वीज, हे सगळं आमचं शिवार. 2012 ला पॅट योजना (कारखान्यांना ऊर्जा बचतीचं उद्दिष्ट देणारी) आली, 2023 ला कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली. कामं कमी होणार नाहीत.

पण काम कसं असतं ते ऐक. मी बॉयलर चालवत नाही, मी तो मोजते. चिमणीत फ्लू गॅस अॅनालायझरची नळी घालायची, ऑक्सिजन किती जास्त जातोय ते पाहायचं. मोटारींवर पॉवर अॅनालायझर लावायचा. एक किलो क्लिंकरला किती किलोकॅलरी लागल्या आणि एक टन सिमेंटला किती युनिट लागले, हे काढायचं, आणि ते जिथे वाया जातं ते ठिकाण मालकाला पटवून द्यायचं. पटवणं हे निम्मं काम. ज्याला आकडे घेऊन तासन्‌तास बसायला आवडतं आणि रिपोर्ट लिहायचा कंटाळा नाही, त्याने यावं.

तू अर्ध्या दिवसाचा रिपोर्ट 'भरायला बसवतात' असं लिहिलंस, त्या शब्दावरून मला वाटतं तुझा जीव तिथे नाही. चुकत असेन तर सांग. आवडत असेल तर तीन पेपर देऊन मॅनेजर आधी हो, चौथा पेपर पुढे.

वणीवाला_भाऊ

ताई, तुमचं लिवणं पटलं. साळ्याले वाचाले देतो.

पण एक सांगतो, हे 'कोणतं सर्टिफिकेट' खाणीत तर याहून कठीण हाय. आमच्या इकडं कोळसा, तिकडं भंडारा जिल्ह्यात मँगनीज, गडचिरोलीत लोखंड. पोट्टे म्हणतात मायनिंगचं केलं, आता कोठी बी जाऊ. तसं होत नाई. कोळशाचे विनियम 2017 चे, धातूच्या खाणीचे 1961 चे. मॅनेजरचं सर्टिफिकेट दोन्हीकडं वेगवेगळं. त्यात पुना पहिला वर्ग, दुसरा वर्ग, आन् एक फक्त ओपनकास्ट, म्हंजे उघड्या खाणीपुरतं. आमच्या गावातल्या एकानं ओपनकास्टपुरतं घेतलं, कारण तवा त्याची ड्युटी तिथंच होती. मग बदली अंडरग्राउंडले झाली, आन् त्या सर्टिफिकेटवर त्याले तिथं मॅनेजर म्हणून उभं राहता येईना. काम आजचं पाहा, पण पाच वर्सानंतर कोणत्या खड्ड्यात उतराचं हाय ते बी पाहा.

ऊर्जानगर_निवृत्त

वणीवाले भाऊंनी फार मोलाचं सांगितलं. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची ती प्रमाणपत्रं आहेत. मायनिंगच्या मुलांनी ही पोस्ट जपून ठेवावी.

तुमसरचा_राइसमिल

सर्वांना नमस्कार जी. मी डिप्लोमा मेकॅनिकल, उकड्या तांदळाच्या मिलमध्ये आहे. धानाच्या तुसावर चालणारा लहान बॉयलर आहे. मी पण बीओई करायचं म्हणत होतो. काकांनी 1000 चौरस मीटर लिहिलं आणि आता शंका आली. आमचा त्याच्या जवळपासही नाही. मग मी काय करावं?

ऊर्जानगर_निवृत्त

तुमसरकर, तुमच्या मिलला बीओई लागतच नाही. तिथे कायदा बॉयलर अटेंडंट मागतो. दुसरा वर्ग आणि पहिला वर्ग अशी दोन प्रमाणपत्रं आहेत, त्यांचेही नियम 2011 चेच. कोणता वर्ग पुरेल ते बॉयलरच्या आकारावर आहे, नोंदणी पुस्तिकेत तापन पृष्ठ लिहिलेलं असतं ते आधी बघा. शिवाय बीओईला मोठ्या बॉयलरवरचा अनुभव मागतात, तो तुम्हाला आज मिलमध्ये मिळणार नाही. पहिल्या वर्गाचं घ्या. मिलमालकाला त्याचा उद्यापासून उपयोग आहे आणि साखर कारखाना, डिस्टिलरी, कागद, सगळीकडे ते चालतं. डिप्लोमा आहे म्हणून अटेंडंटचं प्रमाणपत्र कमीपणाचं समजू नका. तुसाचा बॉयलर भट्टीत राख धरतो, नळ्या झिजवतो, तो सांभाळणारा माणूस सोपा नसतो.

अकोला_ते_टेक्सास

इथे अमेरिकेत काय चालतं ते लिहितो, कारण विदर्भातली बरीच मुलं मला पीई, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरच्या लायसन्सच्या परीक्षेबद्दल विचारतात.

इथे लायसन्स राज्य देतं, परीक्षा मात्र एनसीईईएस नावाची संस्था घेते. आधी एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग), 110 प्रश्नांची. मग साधारण 4 वर्षांचा अनुभव, मग पीई, 80 प्रश्न, 8 तास. बाहेर देशची डिग्री असेल तर बहुतेक राज्यं तिचं मूल्यमापन मागतात. मेकॅनिकलमध्ये पीईचे तीन वेगळे पेपर आहेत: एचव्हीएसी (इमारतींचं वातानुकूलन) व रेफ्रिजरेशन, मशीन डिझाइन व मटेरियल्स, थर्मल व फ्लुइड सिस्टिम्स. सिव्हिलला पाच. इलेक्ट्रिकलला पॉवर, कॉम्प्युटर, आणि इलेक्ट्रॉनिक्स-कंट्रोल्स असे तीन.

इथेही लोक हाच प्रश्न विचारतात: कुठला पेपर घेऊ? बहुतेक राज्यांत लायसन्सवर नुसतं प्रोफेशनल इंजिनिअर असतं, पेपर कोणता दिला यावर कामाची कायदेशीर हद्द ठरत नाही. मात्र ज्यात तुमची पात्रता नाही त्या ड्रॉइंगवर शिक्का मारायचा नाही, हा नियम सगळीकडे आहे. कॅलिफोर्नियासारखी राज्यं शाखेनुसार लायसन्स देतात. इलिनॉयमध्ये स्ट्रक्चरलचं लायसन्स वेगळंच आहे. म्हणून बहुतेक जण जे रोज करतात त्याचाच पेपर घेतात, कारण संदर्भपुस्तिका स्क्रीनवर दिलेली असली तरी 80 प्रश्नांत ती शोधत बसायला वेळ नसतो. रोजचा हात असला तर पान कुठलं ते डोक्यात असतं. पॉवर प्लांटवाल्याने शॉर्टकट म्हणून एचव्हीएसी घेतला तर सायक्रोमेट्रिक चार्ट (हवेतल्या ओलाव्याचा नि तापमानाचा तक्ता) पहिल्यापासून शिकावा लागतो.

आणि एक मोठा फरक. इथे कारखान्याच्या आत, त्याच कंपनीचा पगारी म्हणून काम करणाऱ्या इंजिनिअरला बऱ्याच राज्यांत लायसन्सची सक्ती नाही. लोकांना सेवा देणाऱ्याला, सार्वजनिक कामांच्या नकाशावर सही करणाऱ्याला आहे. आपल्याकडे बॉयलरच्या बाबतीत उलट आहे, कारखान्याच्या आतच प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे कोरपन्याला राहायचं असेल तर पीईच्या मागे लागू नकोस. तुझ्या गेटच्या आत त्याला कोणी विचारणार नाही.

चिखलदरा_रोड

चार्टर्ड इंजिनिअरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) ही 1920 ची संस्था, 1935 ला तिला रॉयल चार्टर मिळालं, नागपूरला तिचं केंद्र आहे. सदस्यत्वाच्या वरच्या पायरीवर गेलं की चार्टर्ड इंजिनिअर लावता येतं. माझं आहे. उपयोग कशाला होतो? जुन्या जिनिंग-प्रेसिंग मशिनरीचं मूल्यांकन, बँकेच्या कर्जासाठी यंत्रसामग्रीचा दाखला, आयात केलेल्या वापरलेल्या यंत्राचं प्रमाणपत्र. म्हणजे स्वतंत्र काम करणाऱ्याला. बॉयलर चालवायला ते चालत नाही. नोकरीत असताना घेऊन ठेवायला हरकत नाही, पण त्यासाठी हे वर्ष खर्ची घालू नये.

सेलूची_इलेक्ट्रिकल

मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा, सबस्टेशन मेंटेनन्सच्या कंत्राटदाराकडे आहे. आमच्यासाठी यातलं काय?

बुटीबोरीची_ताई

तुझं सरळ आहे ग. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचं पर्यवेक्षकाचं, म्हणजे सुपरवायझरचं प्रमाणपत्र. कंत्राटदाराला लायसन्स टिकवायला प्रमाणपत्रधारक सुपरवायझर लागतोच. आज ज्यांच्या नावावर त्याचं लायसन्स आहे त्यांच्या जागी उद्या तू उभी राहू शकतेस. ते हाती आल्यावर पगाराचं बोल, त्याआधी बोलू नकोस.

नागपूर_बायपास

मला इथल्या सगळ्यांशी थोडं वेगळं वाटतं. 'तुझ्या कामाला लागू' असं म्हणत तुम्ही पोराला बॉयलरला बांधून टाकताय. बीओई झाला की कारखाना त्याला सोडणार नाही, सुट्टीसुद्धा देणार नाही. सिमेंटमध्ये कॅप्टिव्ह पॉवर किती दिवस टिकेल? सोलर येतंय. एनर्जी ऑडिटर झाला तर उद्या कुठल्याही उद्योगात जाईल. परीक्षा उद्याच्या कामाची द्यावी, असं माझं म्हणणं आहे.

ऊर्जानगर_निवृत्त

तुमची काळजी खरी आहे, तिला उत्तर द्यायला पाहिजे.

सोलर येतंय हे मान्य. पण क्लिंकर भाजायला भट्टी पाहिजे, आणि भट्टीची वाया जाणारी उष्णता पकडायला वेस्ट हीटचा बॉयलर पाहिजे. कोळशाचा बॉयलर उद्या बंद झाला तरी हा दुसरा बंद होणार नाही, उलट ऊर्जा वाचवायची म्हटली की तोच आधी लावतात. वाफ फक्त विजेलाच लागते असंही नाही. साखर, डिस्टिलरी, कागद, औषधं, खत, सगळ्यांना लागते.

दुसरं, अनुभवाला वय असतं. बॉयलरवर प्रत्यक्ष उभं राहिल्याचा दाखला आज त्याला सहज मिळतो. उद्या तो ऑफिसात गेला, मग चाळिशीत बीओई करू म्हणाला, तर दाखला कोण देणार? एनर्जी ऑडिटरचा अनुभव मात्र त्याच बॉयलरवर उभं राहून आपोआप जमा होत राहतो. म्हणून क्रम असा लावावा असं मी म्हणतो. वाट बंद करा असं मी म्हटलेलं नाही.

सुट्टीचं म्हणाल तर त्यांच्याकडे दोघं बीओई आहेत आणि एक जाणार आहेत. उरलेल्या एका साहेबाचं काय होत असेल, विचार करा. तिसरा तयार झाला तर दोघांनाही श्वास घेता येईल. ही गोष्ट मॅनेजरला आत्ताच पटेल, साहेब रिटायर झाल्यावर पटून उपयोग नाही.

नागपूर_बायपास

क्रमाचा मुद्दा मान्य. अनुभवाच्या दाखल्याचा विचार मी केला नव्हता. तरी एनर्जीचा अभ्यास पूर्ण सोडू नकोस भाऊ, दुसरा पेपर औष्णिक आहे, त्यात बॉयलर कार्यक्षमता, इन्सुलेशन, वाफेची गळती हेच असतं. एका अभ्यासात दोन्ही होतं.

कोरपन्याचा_मेकॅनिकल

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. रिपोर्ट भरताना मी घड्याळ बघतो. ड्रम लेव्हल बघताना बघत नाही.

बीओई ठरलं. मॅनेजर साहेबांशी बोललो, रिटायर होणाऱ्या साहेबांबरोबर शिफ्ट लावायला ते तयार झाले, म्हणजे वार्षिक तपासणीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहता येईल. सेफ्टीचा डिप्लोमा बाजूला ठेवला, त्याला एक पूर्ण वर्ष आणि वेगळं काम पाहिजे. एनर्जीचा दुसरा पेपर पुढच्या वर्षीसाठी मनात आहे.

काका, अनुभवाच्या दाखल्यात नेमकं काय लिहून घ्यायचं? एचआरवाले 'पॉवर प्लांटमध्ये कार्यरत' एवढंच लिहून देतात.

ऊर्जानगर_निवृत्त

तेवढ्यावर अर्ज परत येतो. दाखल्यात बॉयलरचा नोंदणी क्रमांक, तापन पृष्ठ, कामाचा दाब, तू तिथे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होतास आणि काम ऑपरेशनचं की देखभालीचं, हे सगळं आलं पाहिजे. दोन बॉयलर असतील तर दोन्ही वेगळे लिहायचे. सही एचआरची नको, बॉयलर ज्यांच्या ताब्यात आहे त्या बीओई साहेबांची आणि प्लांटप्रमुखाची घे. ते रिटायर होण्याआधी घे. नंतर त्यांच्यामागे गावोगाव फिरावं लागतं.

अर्जाचा नमुना बाष्पके संचालनालयाच्या नागपूर कार्यालयातून आण, जुन्या झेरॉक्सवर भरू नकोस.

परीक्षेत लेखी झाल्यावर तोंडी असते. तोंडीत पुस्तकी व्याख्या कमी आणि प्रसंग जास्त विचारतात. वॉटर गेजमध्ये पाणी दिसत नाहीये, आधी काय करशील? सेफ्टी व्हॉल्व्ह उडत नाहीये, दाब चढतोय, काय करशील? ट्यूब फुटली आणि फीड पंप कमी पडतोय, काय करशील? या तीन प्रश्नांची उत्तरं तू लॉगबुकमधून, तुझ्या स्वतःच्या बॉयलरच्या आकड्यांसह लिहून काढ आणि इथे टाक. मी तपासून देतो. तुमसरकर, तुम्हीही तुमच्या तुसाच्या बॉयलरवर तीच तीन उत्तरं लिहा.

तुमसरचा_राइसमिल

लिहितो जी. पहिल्या प्रश्नाचं रात्री टाकतो, मिल बंद झाल्यावर.